टीव्ही बंद ठेवण्याची वेळ

रविवार, रात्री

संध्याकाळी सात ते साडेआठ टीव्ही लावायचा नाही, असे घरात ठरले आणि ते बऱ्यापैकी पाळलेही जात आहे. ही कल्पना आमची नव्हे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये हा नेम सुरू केला. सातला देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद होतात आणि मुले अभ्यासाला बसतात. टीव्ही चांगला की वाईट या वादात न शिरता त्या गावाने फक्त वेळ बांधून दिली, आणि तीही मालिकांच्या ऐन भराची, हे मला फार शहाणपणाचे वाटते.

आमच्या पिढीतले लोक ‘आम्ही कुठे एवढा टीव्ही पाहत होतो’ असे अभिमानाने सांगतात, तेव्हा मला थोडे हसू येते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढची अनेक वर्षे प्रक्षेपण मुख्यतः संध्याकाळपुरते होते. ‘साप्ताहिकी’त आठवड्याचे कार्यक्रम आधीच कळत, आपल्याला हवे ते पाहून झाले की दुसरी वाहिनीच नसे, आणि रात्री प्रक्षेपण संपले की पडद्यावर पाहण्यासारखे काही उरत नसे. तो संयम आमचा नव्हता, वेळापत्रकाचा होता. १९९१-९२ पासून खासगी उपग्रह वाहिन्या आल्या, कार्यक्रमांना शेवट राहिला नाही, आणि कुठे थांबायचे हे ठरवण्याचे काम प्रत्येक घरावर येऊन पडले, ज्याची सवय कोणालाच नव्हती.

मालिका चुकली तर काय बुडते, याचा हिशेब मी मुद्दाम करून पाहिला. नियमानुसार तासाला बारा मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात, म्हणजे तेवढ्या पुरेपूर दाखवल्या तर अर्ध्या तासाच्या भागात कथेला चोवीस मिनिटे मिळतात. त्यांतली काही कालच्या भागाची उजळणी करण्यात जातात, आणि एका वाक्यावर घरातल्या सगळ्यांचे चेहरे एकेक करून दाखवण्यात आणखी काही. शिवाय तोच भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा लागतो. मी मधले भाग सोडून दिले तरी गोष्ट जिथल्या तिथेच सापडली!

सासूबाईंना मात्र आम्ही हा नेम लावलेला नाही. त्यांचे गुडघे जिना उतरू देत नाहीत, जुन्या मैत्रिणींपैकी फारशा कोणी उरल्या नाहीत, आणि दुपारी घर रिकामे असताना टीव्हीचा आवाज हीच त्यांची सोबत असते. त्या पाहतात त्याहून ऐकतात जास्त. त्यांच्याकडून टीव्ही काढून घ्यायचा, तर त्या जागी आमच्यापैकी कोणीतरी जाऊन बसले पाहिजे. परवा सातनंतर त्यांच्यासोबत पत्ते खेळायला बसलो, तर त्यांनी तीन डाव सलग जिंकले आणि नंतर स्वतःच्या खोलीत जाऊन मालिका लावली. त्याला माझी काही हरकत नाही.

महिनाअखेरीस डिशचे पॅक संपेल. त्यातल्या चित्रपटांच्या आणि खेळांच्या सशुल्क वाहिन्या काढून टाकाव्यात असे मी आज जेवताना सुचवले. चिरंजीवांनी क्रिकेटचा विषय काढला, तेव्हा निर्णय पुढे ढकलला आहे.