पूर ओसरलेल्या गावात सेवेला जाताना

कृष्णा-पंचगंगेच्या काठाला पूर नवा नाही. नृसिंहवाडीत पाणी दत्तमंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो, भाविक त्या पाण्यात स्नान करतात. पण ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी आहे ४५ फूट. अशा वेळी मंदिरांची, गुरुद्वारांची, मशिदींची, चर्चची, भजनी आणि गणेश मंडळांची माणसं धावून येतात, आणि यायलाच हवं. मात्र बहुतेक गाड्या भरून येतात त्या बिस्किटं आणि जुने कपडे घेऊन. गावाला खरा हात हवा असतो तो चिखल काढायला.

पाणी चढत असताना जाऊ नका. त्याच पुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये जादा माणसं बसलेली नाव उलटली आणि गावातलीच माणसं बुडाली. पोहता येतं एवढ्या भांडवलावर बचावकार्यात उतरायचं नसतं. निघण्याआधी सरपंच किंवा तलाठ्याला फोन करून तीन गोष्टी विचारा: रस्ता सुरू आहे का, किती घरांतला चिखल अजून तसाच आहे, आणि राहायची-जेवायची आपली सोय आपण केली तर गावावर भार पडणार नाही ना. पंचवीस जणांची तुकडी पुरे. त्याहून मोठी झाली की निम्मे उभे राहतात.

आता चिखल. दहा बाय बाराच्या खोलीत चार इंच गाळ साचला, तर तो जवळपास ४० घनफूट होतो. ओला असताना वजन दीड ते दोन टन. घमेलं काठोकाठ भरलं तर वीस किलोच्या पुढं जातं आणि तासाभरात पाठ धरते. अर्धंच भरा, म्हणजे दहा-बारा किलो. तरी एका खोलीला दीडशे खेपा पडतात. म्हणून एका घराला आठ जण लावा: दोघं फावड्यावर, चौघं घमेल्यांच्या साखळीत, एक वायपरवर, एक पाण्यावर, आणि दर अर्ध्या तासानं फावडं दुसऱ्याच्या हातात द्या. इकडची माती काळी, चिकट. ओली आहे तोवर निघते. दोन उन्हं खाल्ली की दगड होते, मग कुदळीनं फोडावी लागते आणि फरशीही फुटते. फावडं मध्येमध्ये पाण्यात बुडवलं की माती पात्याला धरत नाही.

कामाला हात लावण्याआधी मात्र घरधन्यासमोर प्रत्येक खोलीचे, भिजलेल्या धान्याचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे फोटो काढून त्याच्याच फोनमध्ये ठेवा. पंचनामा व्हायचा असेल आणि आपण घर चकचकीत करून गेलो, तर नुकसान दाखवायला त्याच्याकडे काही उरत नाही. मेन स्विच बंद आहे का, सिलिंडर गळतो का, ते बघा. कपाटामागं, गाद्यांखाली हात घालू नका, आधी काठीनं हलवा. पुरानंतर साप कोरड्या कोपऱ्यात येऊन बसतात. पांढऱ्या मातीच्या भिंती पाण्यात टिकतात आणि ऊन पडल्यावर ढासळतात. भिंतीला फुगवटा किंवा नवी भेग दिसली तर आत जायचं नाही, घरच्यांनाही जाऊ द्यायचं नाही. अशा भिंतीवर प्रेशरनं पाणी मारू नका.

गाळ गटारात लोटला तर पुढच्या सरीला पाणी पुन्हा घरात येतं. रस्त्याच्या एका कडेला ढीग करा, म्हणजे ट्रॅक्टर भरता येतो.

देवघराचं काम सगळ्यात शेवटी आणि घरातल्या बाईमाणसाला विचारून. टाक, तसबिरी, पोथ्या, कुणाच्या घरी कुराण, कुणाच्या घरी बायबल: यातलं काहीही कचऱ्याच्या ढिगावर जाता कामा नये. स्वच्छ पाटी वेगळी ठेवा, त्यात गोळा करून घरच्यांच्या हाती द्या. विसर्जन करायचं की वाळवायचं, ते त्यांनी ठरवायचं. भिजलेले सातबारे, रेशनकार्ड, शाळेचे दाखले चिकटले असतील तर ओढून सोडवू नका. स्वच्छ पाण्यातून काढून सावलीत वर्तमानपत्रावर पसरा.

अन्नछत्र चालवणार असाल तर शंभर जणांना आठ किलो तांदूळ, चार किलो मूगडाळ, सव्वा किलो तेल, साधारण ३०० ग्रॅम मीठ आणि चाळीस-पंचेचाळीस लिटर पाणी धरा. शिरोळ भागात जैन घरं पुष्कळ आहेत आणि पूर नेमका चातुर्मासात येतो. म्हणून एक पातेलं तरी कांदा, लसूण, बटाटा न घालता करा आणि सूर्यास्ताआधी वाढून संपवा. गरम खिचडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधली की तीन-चार तासांत आंबते. पंगत मांडा, नाहीतर डबे आणायला सांगा.

विहिरीतला गाळ उपसल्याशिवाय ब्लीचिंग पावडर टाकणं वाया जातं, कारण क्लोरीन गाळातच संपतो. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, त्याला ०.७८५ नं गुणलं की घनमीटर मिळतात, म्हणजे तितके हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम हे नेहमीचं प्रमाण. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे ७० ग्रॅम लागते. पावडर बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरीनं पाण्याखाली सोडा आणि वरखाली हलवा. तासाभरानं ओटी टेस्ट करा, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते दाखवणारी ऑर्थोटोलिडीन चाचणी. पिवळा रंग आला नाही तर पुन्हा पावडर लागेल. उघड्या पोत्यातली, दमट झालेली पावडर निकामी समजा.

तुकडीतल्या प्रत्येकानं धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं, पायात गमबूट आणि हातात रबरी मोजे हवेत. पायाला जखम असणाऱ्याला चिखलात उतरवू नका, भांड्यांवर बसवा. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन हे औषध घ्यायचं की नाही हे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा. गरोदर बायका आणि लहान मुलांना ते आपल्या मनानं देऊ नये.

संस्थेचा फलक गाडीतच राहू दे. जेवणाआधी प्रार्थना म्हणायला लावणं, आपल्याच पंथाच्या घरांची यादी करणं, किट देताना म्हाताऱ्या माणसाला कॅमेऱ्याकडं बघायला सांगणं, हे सेवेत बसत नाही. सकाळची आरती, नमाज, अरदास तुकडीनं आपल्या मुक्कामी करावी. दिवसभराच्या कामाला तिचा आधार होतो. घर कुठलं आधी घ्यायचं ते गावानं सांगावं. बहुतेकदा ते एकट्या राहणाऱ्या म्हातारीचं किंवा गावकुसाबाहेरच्या वस्तीतलं असतं, जिथं कुठलीच गाडी पोचलेली नसते.

परतताना फावडी, घमेली, वायपर धुऊन ग्रामपंचायतीत ठेवून या. शेवटच्या गल्लीतला चिखल आपण निघाल्यावरही उरलेला असतो.