नवी खरेदी आणि पाकिटावरचे आकडे

जुनं सामान एकापाठोपाठ एक निकामी होत गेलं आणि गेल्या काही महिन्यांत बरीच खरेदी झाली. थंडीतल्या मुक्कामाच्या ट्रेकसाठी स्लीपिंग बॅग, मॅट आणि हेडटॉर्च; घरच्या वापरासाठी थर्मॉस, पॉवर बँक, मोजे. प्रत्येक पाकिटावर मोठ्या अक्षरांत एखादा आकडा असतोच. या वेळी ठरवलं होतं, की तो आकडा कोणत्या परिस्थितीत मोजलाय हे कळल्याशिवाय वस्तू घ्यायची नाही. वेळ बराच गेला, पण मजाही तितकीच आली.

सगळ्यात जास्त वेळ स्लीपिंग बॅगने खाल्ला. बॅगेवर तापमान लिहिलेलं असतं, पण ते एकच नसतं. आयएसओ २३५३७ या मानकानुसार चाचणी झाली असेल तर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम अशी तीन तापमानं मिळतात. कम्फर्ट म्हणजे सरासरी बांध्याच्या बाईला हातपाय सैल सोडून, थंडी न वाजता झोपता येईल ते तापमान. लिमिट म्हणजे सरासरी बांध्याच्या पुरुषाला अंग आखडून कशीबशी झोप लागेल ते. आणि एक्स्ट्रीमचा तर झोपेशी संबंधच नाही, तिथे फक्त जीव वाचवण्याचा हिशेब असतो आणि शरीराचं तापमान धोकादायक पातळीला उतरण्याची शक्यता असते. जाहिरातीत मात्र या तिघांपैकी जो आकडा सगळ्यात दणदणीत दिसेल तोच पुढे केलेला आढळतो. मला थंडी चटकन वाजते, म्हणून मी फक्त कम्फर्टचा आकडा धरला आणि जिथे जायचं तिथल्या रात्रीच्या अंदाजापेक्षा चार-पाच अंश खालची बॅग घेतली.

ही चाचणी तापवलेल्या पुतळ्यावर होते. पुतळ्याच्या अंगात कपडे असतात आणि खाली मॅट असते. हे कळलं तेव्हा मॅटचं महत्त्व खऱ्या अर्थाने पटलं. बॅगेचा आपल्या अंगाखाली आलेला भाग वजनाने चेपतो, त्यातली हवा निघून जाते आणि जमिनीचा गारवा सरळ पाठीला भिडतो. तो अडवायचं काम मॅटचं. मॅटवर ‘आर-व्हॅल्यू’ लिहिलेली असते, आकडा जितका मोठा तितकी मॅट उबदार. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजायची. २०१८ साली एएसटीएम एफ३३४० हे मानक आलं आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या मॅटची तुलना करता येऊ लागली. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे या आकड्यांची सरळ बेरीज होते. २ ची फोमची मॅट आणि तिच्यावर ३ ची हवेची मॅट टाकली की साधारण ५ चं संरक्षण मिळतं. माझी जुनी फोमची मॅट धडधाकट होती, त्यामुळे कडाक्याच्या थंडीची महागडी मॅट न घेता मधली एक हवेची मॅट घेऊन भागलं. शिवाय हवेची मॅट रात्री पंक्चर झालीच, तर खाली फोम असतो.

हेडटॉर्चच्या बाबतीत लुमेनपेक्षा, म्हणजे प्रकाश किती पडतो त्या आकड्यापेक्षा, ‘किती तास चालते’ हा आकडा जास्त फसवा. एफएल१ या मानकात टॉर्च लावल्यानंतर ३० सेकंदांनी मोजायला सुरुवात होते आणि प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. म्हणजे त्या तासांतल्या शेवटच्या काही तासांत टॉर्च चालू असली, तरी पायवाट धड दिसेलच असं नाही. मी मधल्या प्रकाशावर स्थिर राहणारी टॉर्च शोधून घेतली. पाण्यापासूनच्या संरक्षणासाठी आयपीएक्स४ पुरेसं वाटलं. त्यात चहूबाजूंनी उडणारं पाणी सोसतं. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. मला पोहायचं नव्हतं.

घरच्या वस्तूंचं लवकर आटोपलं. पॉवर बँकेवरचे १०,००० एमएएच हे आतल्या सेलच्या साधारण ३.७ व्होल्टला मोजलेले असतात. फोनला वीज ५ व्होल्टने जाते आणि रूपांतरात थोडी वायाही जाते, म्हणून हाती सहा-साडेसहा हजारच पडतात. यात लबाडी काही नाही, पण फोन किती वेळा चार्ज होईल याचा हिशेब त्यावरच मांडायला हवा. त्यापेक्षा वॉट-अवर, म्हणजे आत साठणारी एकूण ऊर्जा बघावी, १०,००० एमएएचचे साधारण ३७ होतात. विमानातही मर्यादा याच एककात असते, विशेष परवानगीशिवाय १०० पर्यंत, आणि तेही हातातल्या सामानातच.

थर्मॉसवर १८/८ लिहिलेलं बघून घेतलं, म्हणजे पोलादात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. दुहेरी भिंतीतली निर्वात पोकळी उष्णता फारशी जाऊ देत नाही, ती निसटते मुख्यतः झाकणातून. म्हणून रुंद तोंडाचा देखणा थर्मॉस बाजूला ठेवून अरुंद तोंडाचा घेतला. धुवायला जरा कटकट होते, पण भरण्याआधी पाच मिनिटं उकळतं पाणी घालून ठेवलं की आतलं पेय कितीतरी वेळ गरम राहतं.

मोजे मेरिनो लोकरीचे घेतले. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ओल्या कापडात पायाला फोड लवकर येतात. रोज ऑफिसलाही तेच घालते.

सॅक अजून घ्यायची आहे. आधी पाठीची लांबी मोजायची, मान खाली घातल्यावर मानेच्या बुडाशी जो मणका वर येतो तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत. सॅकचा मुख्य भार त्या हाडावर बसणाऱ्या पट्ट्यावर यायला हवा, खांद्यांवर नाही. दुकानात आत वजन भरून निदान पंधरा मिनिटं चालू देत असतील, तरच तिथे घेणार.