चिठ्ठी ३४, ‘सोबत’: काचेतली तीन अंतरं

फोटो मिळाला होता, हे आधीच सांगते. संध्याकाळ उतरत होती, गाडी वळणावर होती आणि डोंगराची निळी रेघ माझ्या प्रतिबिंबाच्या गालावरून गेली होती. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघून मी एकटीच हसले. रात्री लॅपटॉपवर शंभर टक्के झूम केलं आणि कळलं, की फोकस ना डोंगरावर आहे ना माझ्यावर. तो आहे काचेवर सुकलेल्या पाण्याच्या एका थेंबावर. थेंब मात्र अप्रतिम आलाय. त्याच्या कडेला साचलेले धुळीचे कण मोजून घ्या.

बरणीचा खेळ तुम्हाला माहीत आहे. ५२ चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक शब्द, चिठ्ठी निघाल्यावरचा पहिला प्रवास, त्या शब्दाचा फोटो त्यातच काढायचा, जुना खपवायचा नाही. ‘उंबरठा’ ही चिठ्ठी दोन तासांत उरकली म्हणून मागच्या वेळी मी जरा जास्तच मिरवलं होतं. त्याची परतफेड म्हणून ‘सोबत’ निघाली, आणि प्रवास नेमका एकटीचा.

सुरुवातीला सगळं ठरलेलं करून झालं. तारेवर दोन पक्षी. बाकावर दोन बॅगा. रिकाम्या दोन खुर्च्या. शुभेच्छापत्रावर शोभतील असे फोटो, डिलीट केले. मग गाडीत बसल्यावर डोक्यात आलं, की खिडकीच्या काचेत मी आहे आणि बाहेरचं जगही आहे. टायमर नको, सेल्फी नको. सोपं वाटलं. (इथे हसायचं.)

गंमत म्हणजे गेल्याच महिन्यात मी प्रतिबिंब घालवायला, लेन्सवर चढवून काचेला टेकवायचं रबरी हूड मागवलं होतं. ‘कुठल्याही लेन्सला बसतं’ असं लिहिलेलं ते हूड माझ्या एकाही लेन्सला धड बसत नाही, आणि रबर इतकं ताठ की गाडीचा प्रत्येक हादरा लेन्सपर्यंत पोचतो. त्यापेक्षा जुन्या काळ्या टी-शर्टची बाही कापून तिला इलॅस्टिक लावा, काम शंभर पटींनी चांगलं होतं. असो. या वेळी मला नेमकं उलटं हवं होतं, प्रतिबिंब टिकवायचं होतं.

पहिली अडचण उजेडाची. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून समोरून आलेल्या उजेडाचा साधारण ४ टक्के भाग परत फिरतो. एका काचेला दोन पृष्ठभाग, म्हणजे ८ टक्के. आमच्या डब्याला दुहेरी काच होती, चार पृष्ठभाग, म्हणजे १५ टक्क्यांच्या आसपास. थोडक्यात, बाहेरचं दृश्य माझ्या चेहऱ्यापेक्षा अडीच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) काळवंडेल तेव्हाच दोघं बरोबरीला येणार. एकेरी काच असती तर साडेतीन स्टॉप. दुपारी मी काचेत नसतेच, रात्री फक्त मीच असते. मधली फट या प्रवासात सूर्यास्तानंतर पंधराव्या मिनिटापासून पंचविसाव्यापर्यंत टिकली. दहा मिनिटं! त्यातली चार बाजूच्या रुळावरून जाणाऱ्या मालगाडीने खाल्ली.

दुसरी अडचण दुहेरी काचेची, की प्रत्येक काच आपापलं प्रतिबिंब देते. तिरकं बसलं की मला चार डोळे. अगदी समोरून धरलं की दोन्ही प्रतिबिंबं जवळजवळ एकावर एक बसतात, पण मग चेहऱ्याच्या जागी कॅमेरा येतो. यावर व्हिव्हियन मायर आठवली (१९२६–२००९, आयाचं काम करता करता आयुष्यभर फोटो काढणारी). आरशांत आणि दुकानांच्या काचांत तिने स्वतःचे कितीतरी फोटो काढलेत आणि त्यांतल्या बहुतेकांत चेहरा मोकळा दिसतो. तिचा रोलायफ्लेक्स पोटाशी धरून वरून बघायचा कॅमेरा होता ना. आपल्याकडे हल्ली त्यासाठी उलगडणारा पडदा असतो. मी तो पडदा आजवर फक्त खाली बसून फुलं टिपायला वापरला, याची लाज वाटली.

आता थेंबाकडे. यात माझे चार दिवस गेले.

मी धरून चालले होते की प्रतिबिंब काचेवर असतं, म्हणजे फोकस काचेवर. साफ चूक. सपाट काचेतलं प्रतिबिंब काचेच्या मागे तितक्याच अंतरावर असतं जितकी मी काचेपुढे. कॅमेरा काचेपासून ४० सेंटिमीटरवर, चेहरा ५० वर, म्हणजे कॅमेऱ्याच्या लेखी मी ९० सेंटिमीटर दूर बसले आहे, बाहेर कुठेतरी, हवेत. काचेला तीन अंतरं असतात: थेंबाचं ४०, माझं ९० आणि डोंगराचं अनंत. ऑटोफोकस बिचारा या तिघांत पळत होता आणि मी २३ मिमी लेन्स एफ/२ वर, म्हणजे छिद्र पार मोठं, उघडून बसले होते. फोकसमध्ये राहणारी डेप्थ कागदाएवढी. दोष कॅमेऱ्याचा नाही, शिव्या मात्र त्यालाच घातल्या.

मुक्कामाच्या खोलीत रोज संध्याकाळी खिडकीपाशी सराव केला. (सरावाला नियमात मनाई नाही, शोधून बघा.) १६ मिमी लावली, एफ/८, छिद्र लहान. आपल्या क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरला हायपरफोकल अंतर येतं १.६ मीटर, म्हणजे फोकस तिथे लावला की त्याच्या निम्म्यापासून, ८० सेंटिमीटरपासून, अनंतापर्यंत सगळं चालण्यासारखं शार्प. माझे ९० आत बसले, थेंबाचे ४० बाहेर पडले. मॅन्युअलवर १.६ लावून रिंगवर चिकटपट्टी मारली. इतकं साधं गणित, आणि ते सुचायला चार दिवस. त्या रात्री खिडकीत माझा चेहरा आणि मागे लांबवरचे दिवे दोन्ही टोकदार आले तेव्हा खोलीत एक फेरी नाचून घेतली.

सरावात आणखी एक सापडलं. पांढरा शर्ट असला की काचेत शर्टच दिसतो, काळा घातला की चेहरा आणि हात तेवढे उरतात आणि बाकीच्या अंगातून बाहेरचं दृश्य आरपार येतं. कॅमेऱ्यावरही काळं फडकं. आणि मांडीवर कोरी पांढरी वही उघडी ठेवली तर हनुवटीखालची सावली निम्म्याने कमी होते. वही हा माझा या वर्षीचा सर्वांत उपयोगी लाइटिंगचा सेट.

याच सरावात फ्लॅशचा विचार आला आणि त्यावरून एक जुना फोटो आठवला. आमच्या घरच्या अल्बममध्ये प्रवासाचे फोटो भरपूर, पण बाबा एकातही नाहीत, कारण कॅमेरा कायम त्यांच्याकडे. एकाच फोटोत आहेत: रेल्वेच्या खिडकीशी आम्ही दोघं भावंडं, काचेत फ्लॅशचा पांढरा भडका आणि त्याच्यामागे छातीशी कॅमेरा धरलेला एक अंधुक माणूस. लहानपणी तो फोटो ‘बिघडलेला’ म्हणून शेवटच्या पानावर होता. कोन कसा होता ते बघायला दादाकडून त्या फोटोचा फोटो मागवला. त्याने अल्बमच्या प्लास्टिकवरूनच काढून पाठवला. काचेत बाबा, आणि प्लास्टिकवर मोबाईल धरलेला दादा. मी त्याला ‘पुन्हा काढ, नीट’ असं लिहिलं होतं, ते पाठवायच्या आधी खोडलं.

कोन काही कळला नाही. शिवाय भरल्या डब्यात फ्लॅश मारणं मला पटत नाही. फ्लॅश बाद.

परतीचा प्रवास. तीच दुहेरी काच. या वेळी आतली बाजू आधी ओल्या कापडाने पुसली. बाहेरचे थेंब होतेच, पण आता ते फोकसमध्ये येणार नव्हते. शटर १/२५० सेकंद ठेवलं, बाहेरचं थिजवायला, तर फोटो काळाकुट्ट. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, किती चढवणार? वैतागून १/१५ केलं आणि उरलेला बेत तिथेच बदलला. गाडी ताशी ८० किलोमीटरने चालली तर सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे १/१५ सेकंदात जवळपास दीड मीटर. जवळची झाडं ओघळणार. पण मी, काच आणि कॅमेरा, आम्ही तिघं एकाच गाडीत! एकमेकांच्या हिशेबात आम्ही जागचे हलतच नाही. कोपर खिडकीच्या कठड्यावर टेकवलं की प्रतिबिंब १/१५ लाही शार्प, आणि बाहेरचं जग त्यातून वाहत जातं. आठवडाभर मी जे थिजवायला बघत होते ते वाहू द्यायचं होतं. १/१५, एफ/८, आयएसओ ६४००. नॉइज (दाणेदारपणा) आहे, असू दे. अंधाऱ्या झाडांत तो खपून जातो.

सीपीएलबद्दल, म्हणजे लेन्सवर फिरवायच्या पोलरायझर फिल्टरबद्दल विचाराल म्हणून: लावून बघितलं. गाडीची काच कडक केलेली असते, तिच्यातले ताण पोलरायझरमधून इंद्रधनुषी डागांसारखे दिसतात. वर दीड स्टॉप उजेड जातो. पण हे लिहितानाच एक सुचतंय. पोलरायझर प्रतिबिंब कमी-जास्त करतो तो तिरक्या कोनात, काचेच्या लंबाशी साधारण ५६ अंशांवर सर्वांत जास्त. आणि हे सगळं प्रकरण सुरूच खिडकीपासून झालंय. १८०८ मध्ये एत्येन-लुई मालुसने पॅरिसमध्ये लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांत चमकणारा मावळता सूर्य कॅल्साइटच्या स्फटिकातून बघितला, स्फटिक फिरवला, आणि त्यातल्या दोन प्रतिमांची चमक आलटून पालटून कमी-जास्त होताना दिसली. मग एकेरी, साध्या काचेपाशी सीपीएल फिरवून मी माझ्या चेहऱ्याचा उजेड रेडिओच्या आवाजासारखा लहान-मोठा का करू नये? तिरकं बसलं तर कॅमेराही चेहऱ्यावरून बाजूला होतो. जुन्या बोटीची खिडकी मिळाली तर उत्तम. पुढचा बेत पर्वताचा होता, तो आता पाण्याकडे वळतोय. कोणी बोटीत हे करून बघितलंय का? मिठाचे डाग किती छळतात ते सांगा.

तर परतीच्या दहा मिनिटांत ४१ फ्रेम. त्यातल्या दोन कामाच्या.

पहिली सूर्यास्तानंतर अठराव्या मिनिटाची. माझा चेहरा उजवीकडे, गळ्यातून झाडांच्या रेषा धावताहेत, आणि खांद्यामागे पलीकडच्या बाकावरच्या आजी. त्या झोपल्या आहेत असं मी समजत होते. घरी मोठ्या पडद्यावर बघितलं तर डोळे उघडे, आणि त्या काचेतून थेट माझ्याकडे बघताहेत. मीही, नकळत, जवळजवळ त्यांच्याचकडे. प्रवासभर आम्ही एक शब्द बोललो नव्हतो.

‘सोबत’ ती हीच. पण अनोळखी चेहरा विचारल्याशिवाय दाखवायचा नाही, हा नियम बरणीच्याही आधीचा आहे, आणि आजी कुठल्या स्टेशनावर उतरल्या ते माझ्या लक्षातही नाही. म्हणून ती फ्रेम माझ्याकडेच राहील.

दाखवतेय ती दुसरी, तीन मिनिटांनंतरची. आजी तेवढ्यात उठून दाराकडे गेल्या होत्या. रेषा जास्त स्वच्छ आल्यात, फोकस अचूक आहे, दुहेरी कडा जवळपास नाही. खांद्यामागे रिकामा बाक आणि त्यावर त्यांची अर्धवट घडी केलेली शाल.

३५ वी चिठ्ठी काढली आहे. ‘पाय’. चला, निदान याला काच लागणार नाही.