मोटारी, पॅनेल आणि नवे इंजिनिअर : आमची वाटचाल

पांढरकवड्यात बाबांनी मोटार वाइंडिंगचे दुकान टाकले ते नव्वदच्या दशकात. केळापूर तालुक्यात विहिरींवर तीन आणि पाच एचपीच्या मोटारी होत्या आणि त्या भरपूर जळत. लाइनच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज आधीच पडलेले, त्यात एक फेज गेला की मोटार जागच्या जागी घुमायची आणि थोड्याच वेळात वाइंडिंगचा कोळसा व्हायचा. मोटार कधी बैलगाडीतून येई, कधी एसटीच्या टपावरून. खाली उतरवायच्या आत शेतकऱ्याचा प्रश्न ठरलेला: "भाऊ, कधी देता जी? तिकडे हरभरा वाळून राह्यला."

जुनी कॉइल तोडताना बाबा आटे (तारेचे वेढे) मोजत, तारेचा गेज पाहत आणि वहीत लिहून ठेवत. त्या वह्या अजून आहेत. कोणत्या मेकच्या मोटारीला किती आटे, कोणती तार, आणि कोणत्या विहिरीवरची मोटार दर वर्षी येते, हे सगळे त्यात सापडते. यातली शेवटची नोंद सगळ्यात कामाची. दर वर्षी जळून येणाऱ्या मोटारीत सहसा दोष नसतो. दोष डीपीत (म्हणजे शेतांना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर), केबलमध्ये नाहीतर स्टार्टरमध्ये असतो. अशा गिऱ्हाइकाला पुन्हा वाइंडिंग करून देण्याआधी बाबा त्याचे शेत पाहायला जात. मोटार जळायची थांबली की त्या विहिरीचे पैसे बंद, हे त्यांनाही कळत होते. पण पुढे जिनिंगवाल्यांनी, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांनी, आम्हाला बोलावले ते याच ख्यातीवर.

मी यवतमाळच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, मग डिग्री. वर्गातले निम्मे पुण्याकडे गेले. काहींनी वीज मंडळाची वाट पाहिली. २००५ च्या जूनमध्ये मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महापारेषण, महानिर्मिती झाल्या आणि त्यातल्या काहींचे तिथे जमले. मी परत आलो. बाबांच्या डोळ्यांना बारीक तार दिसेनाशी झाली होती, एवढेच कारण. ठेकेदाराचे लायसन्स आणि सुपरवायझरचे प्रमाणपत्र मिळवले आणि पाटीवर वाइंडिंगच्या पुढे 'पॅनेल व एचटी कामे' असे लिहून घेतले. पॅनेल म्हणजे यंत्रे चालवणारी नियंत्रणाची पेटी, एचटी म्हणजे उच्च दाबाची वीज.

आमच्या भागात इलेक्ट्रिकल इंजिनिअरला काम म्हणजे जिनिंग. दिवाळीच्या आगेमागे कापूस बाजारात यायला लागतो आणि उन्हाळ्यापर्यंत कारखाने दिवसरात्र चालतात. केंद्र सरकारचे कापूस तंत्रज्ञान मिशन २००० साली सुरू झाले आणि जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळू लागले. त्याआधी टोपल्यांनी कापूस डोक्यावर वाहून नेणाऱ्या आणि रेच्यांत (सरकी काढणाऱ्या यंत्रांत) हाताने कापूस टाकणाऱ्या बाया प्रत्येक जिनिंगमध्ये दिसत. मग हवेच्या पाइपने कापूस ओढणारी यंत्रणा आली, ऑटो फीडर आले, रुई कन्व्हेयरवरून थेट प्रेसमध्ये जाऊ लागली आणि १७० किलोची गाठ बांधून बाहेर पडू लागली. त्या बायांचे काम गेले. ते घालवणाऱ्या यंत्रांची पॅनेल आम्हीच बसवली आणि त्याचे बिलही आम्हीच घेतले. ऑटोमेशनने कुणाचीच रोजी जात नाही असे भाषण मी म्हणूनच कधी करत नाही.

पॅनेलमध्ये आधी सगळे रिले (विजेवर चालणारे स्विच) आणि टायमर असत. एका प्रेसच्या पॅनेलला वायरिंग करायला दोन माणसे आठवडाभर बसत. मग पीएलसी, म्हणजे यंत्रे चालवणारा छोटा संगणक, आले आणि रिलेंची अख्खी रांग एका डबीत गेली. आमचे जुने मिस्त्री काका, जे बाबांच्या वेळेपासून आहेत, तेव्हा धास्तावले होते. लॅपटॉपवर प्रोग्राम पाहिला तेव्हा म्हणाले, "अरे, हे तं आपलंच कंट्रोल सर्किट हाय, आडवं करून ठेवलं." ते बरोबरच होते. १९६९ च्या सुमारास अमेरिकेत डिक मॉर्ले आणि त्यांच्या साथीदारांनी जनरल मोटर्ससाठी पहिले पीएलसी तयार केले, तेव्हा कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला वाचता यावे म्हणून प्रोग्रामची मांडणी रिलेच्या आकृतीसारखीच ठेवली होती. काकांना इंग्रजी येत नाही, पण लॅडर (प्रोग्रामची ती आकृती) वाचून कोणता इनपुट आला नाही हे ते आजही माझ्याआधी सांगतात. वायरिंगच्या दोन माणसांपैकी एकाला मात्र आम्हाला साइटवरच्या कामाला लावावे लागले, कारण पॅनेलवर तेवढे काम उरले नाही.

शेतीच्या बाजूला ऑटोमेशन वेगळ्याच वाटेने आले. शेतीला लाइट कधी दिवसा, कधी रात्री, पाळी बदलत राहते. रात्रीची पाळी असली की मोटार चालू करायला अंधारात शेतात जायचे. टिपेश्वर अभयारण्य आमच्या उशाशी. २०१८ मध्ये राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात अवनी वाघिणीची दहशत होती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात तिला मारले गेले, पण रात्री शेतात जायची भीती काही तिच्यासोबत गेली नाही. त्या काळात मोबाईल स्टार्टरची मागणी अशी वाढली की आम्हाला माल पुरवता येईना. स्टार्टरला सिमकार्ड, घरून फोन लावला की मोटार चालू, फेज गेला तर बंद आणि तसा मेसेज. हे यंत्र विकताना मला कधी अपराधी वाटले नाही.

ऑटो स्विचचे मात्र मला वावडे आहे. साधी स्वस्त वस्तू: लाइट आली की मोटार आपोआप सुरू. एका शेतकऱ्यापुरते पाहिले तर फायदाच. पण एका डीपीवरच्या सगळ्यांनी बसवला की लाइट येताच सगळ्या मोटारी एका क्षणी सुरू होतात. इंडक्शन मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते. डीपीवर तो सगळा भार एकदम पडतो आणि ती जळते. मग दुरुस्त डीपी येईपर्यंत सगळेच कोरडे. महावितरण ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा असे सांगत असते, आम्ही दुकानात तेच सांगतो, आणि लोक आमचे ऐकून शेजारच्या दुकानातून ऑटो स्विच आणतात.

याच ऑटो स्विचने आम्हाला आमच्या धंद्यातले सगळ्यात शिकवणारे काम दिले. एका जिनिंगमध्ये नवीन व्हीएफडी (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारे यंत्र) वारंवार ट्रिप होत होते, म्हणजे आपोआप बंद पडत होते. पुरवठादार कंपनीच्या इंजिनिअरने शहरातून इंटरनेटवरून लॉग पाहिला, 'अंडरव्होल्टेज' असे निदान केले आणि मालकाला मोठा स्टॅबिलायझर सुचवला. निदान खोटे नव्हते. पण आमच्या इंजिनिअर पोट्ट्याने, जो अडेगावकडच्या शेतकऱ्याचा मुलगा आहे, ट्रिपच्या वेळा कागदावर उतरवल्या आणि त्याला एक गोष्ट खटकली. एका आठवड्यात ट्रिप सकाळी होत्या, पुढच्या आठवड्यात रात्री. त्याने गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे शेतीच्या लाइटचे वेळापत्रक काढले आणि शेजारी ठेवले. शेती फीडर (उपकेंद्रातून शेतांकडे जाणारी लाइन) चालू व्हायची वेळ आणि ट्रिपची वेळ एकच. फीडर वेगवेगळे होते, पण उपकेंद्र एकच, आणि शेकडो ऑटो स्विच एकदम मोटारी उठवत होते. डिप, म्हणजे व्होल्टेज पडणे, काही सेकंदांचाच होता. कॉन्टॅक्टरच्या (मोटारीला वीज जोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलचा सप्लाय छोट्या यूपीएसवर घेतला, व्हीएफडीत डिप सोसण्याची आणि आपोआप पुन्हा सुरू होण्याची सेटिंग केली, आणि सुरक्षेसाठी जिथे आपोआप सुरू होणे धोक्याचे होते तिथे ती बंद ठेवली. स्टॅबिलायझर घ्यावा लागला नाही. पुरवठादाराच्या इंजिनिअरकडे आमच्यापेक्षा चांगली साधने होती. शेतीच्या लाइटची पाळी आठवड्याला बदलते, एवढे मात्र त्याच्या पडद्यावर कुठेच नव्हते.

आता सौर. २०१९ च्या कुसुम योजनेनंतर आणि २०२४ च्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेनंतर शेतकरी दहा टक्के भरून, अनुसूचित जाती-जमातीचे असतील तर पाच टक्के भरून, पंप घेतो. पाच वर्षे दुरुस्तीची हमी कंपनीची. म्हणजे वाइंडिंगच्या टेबलावर येणारी मोटार कमी झाली. बाबांच्या धंद्याचा गाभा असा हळूहळू आटतो आहे आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही. त्याऐवजी बाहेरच्या कंपन्यांसाठी सर्व्हिसची कामे मिळतात: कंट्रोलर बदलणे, सौर पॅनेलची केबल उंदराने खाल्ली ती जोडणे, वाऱ्याने कललेले स्ट्रक्चर सरळ करणे. पैसे ठीकठाक, डिझेलचा खर्च जास्त. उपकेंद्रांजवळ जे छोटे सौर प्रकल्प होत आहेत तिथे आमच्या मुलांना फार जागा असतील असे वाटले होते. उभारणीच्या वेळी होत्या. प्रकल्प सुरू झाल्यावर गवत काढणारे, पॅनेल धुणारे आणि एखादा तंत्रज्ञ एवढेच लोक लागतात; इंजिनिअर एक, आणि तो अनेक प्रकल्प मोबाईलवर पाहतो.

मुलाखतीला येणारी मुले हल्ली पगाराआधी एकच विचारतात: सर, या फिल्डमध्ये पुढे काही राहील का? बहुतेकांनी यंत्रे किती नोकऱ्या घेतील याची टक्केवारी कुठेतरी पाहिलेली असते. तिचे मूळ बहुधा ऑक्सफर्डच्या कार्ल फ्रे आणि मायकल ऑस्बॉर्न यांचा २०१३ चा अभ्यास. त्यांनी ७०२ व्यवसाय तपासले आणि अमेरिकेतला ४७ टक्के रोजगार संगणकीकरणाच्या मोठ्या धोक्यात आहे असे मांडले. त्यात इलेक्ट्रिकल इंजिनिअरचा धोका सुमारे १० टक्के, इलेक्ट्रिशियनचा १५, आणि इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्स टेक्निशियनचा ८४. डिग्रीवाला मुलगा हे वाचून खुश होतो, डिप्लोमावाला घाबरतो. मी दोघांनाही सांगतो की तो आकडा यंत्राला काम जमेल का एवढेच सांगतो; मालक ते यंत्र घेईल का, आणि हिंगणघाट किंवा वणीत ते दुरुस्त कोण करणार, हे त्यात नाही. शिवाय अभ्यास २०१३ चा. त्या वेळी इंजिनिअरचे डोक्याचे काम बरेचसे सुरक्षित मानले गेले. चॅटजीपीटी २०२२ च्या शेवटी आले, आणि आमच्या ऑफिसात पहिला फरक पडला तो नेमका त्याच टेबलावर.

लोडचा हिशेब, केबलचा साइज, सामानाची यादी, एस्टिमेट, एचटी कामाचे सिंगल लाइन ड्रॉइंग, मोटारींच्या क्रमाचा पीएलसी प्रोग्राम. नवीन इंजिनिअरला आम्ही हीच कामे द्यायचो. तो आठवडाभर धडपडायचा, चुकायचा, काका त्याच्यावर ओरडायचे, आणि वर्षभरात तो तयार व्हायचा. आता यातले बरेचसे कच्चे काम सॉफ्टवेअर आणि एआय मिळून दुपारपर्यंत करून देतात. तपासायला माझ्यासारखा लागतोच, कारण केबलचा साइज पुस्तकाप्रमाणे बरोबर असतो आणि साइटवर ती केबल उन्हात तापलेल्या टिनाखालून जाणार असते. अनुभवी माणसाचे काम सुटले नाही, उलट वाढले. एचटीची नवीन मांडणी चालू करायला विद्युत निरीक्षकाची परवानगी लागते, चाचणी अहवालावर प्रमाणपत्रधारक माणसाची सही लागते, आणि काही जळाले तर त्याच माणसाला बोलावतात. २०२० च्या एप्रिलपासून एचटी ग्राहकांचे बिल केव्हीएएचवर (पॉवर फॅक्टर खराब असला की जास्त भरणाऱ्या एककावर) आले, तेव्हापासून पॉवर फॅक्टरसाठीही जिनिंगवाले फोन करतात.

धोका आहे तो सुरुवातीच्या माणसाला. ज्या कच्च्या कामातून इंजिनिअर तयार होत असे, ते कामच यंत्राने घेतले. दहा वर्षांचा अनुभवी माणूस सगळ्यांना हवा आहे, आणि त्याला पहिले वर्ष द्यायला कोणी तयार नाही. मोठ्या कंपन्या काय करतील ते करोत. आमच्यासारख्या फर्मला बाहेरून अनुभवी माणूस आणणे परवडत नाही, पुण्याचा पगार सोडून पांढरकवड्याला कोण येतो? म्हणून तयार करावा लागतो तो इथेच.

त्यासाठी आम्ही क्रम उलटा केला. नवीन मुलाला सुरुवातीला कॉम्प्युटर नाही. पहिले काही महिने तो काकांच्या टेबलावर जळालेल्या मोटारी उघडतो आणि का जळाली ते लिहितो: सिंगल फेजिंग, ओव्हरलोड, बेअरिंग, ओलावा. कॉइलचा काळेपणा कुठे आहे यावरून हे कळते. तीन फेजपैकी दोनच काळे पडले असतील आणि एक लख्ख असेल, तर स्टार जोडणीत लाइनचा फेज गेला होता. डेल्टा या दुसऱ्या जोडणीत उलट, एकच काळा. यात त्यांना कंटाळा येतो, एक जण सोडूनही गेला. उन्हाळ्यात जिनिंग बंद असतात तेव्हा ओव्हरहॉलिंग, मेगरने इन्सुलेशन तपासणे, कॉन्टॅक्टर साफ करणे. त्यानंतर लॅपटॉप, आणि मग एआय कितीही वापरा, माझी ना नाही. एआयने काढलेल्या ड्रॉइंगवर मात्र तीन शंका लिहून आणल्याशिवाय मी सही करत नाही. पहिल्या वर्षी पगार पंधरा हजारांच्या आसपास, जेवण-डिझेल आमचे. शहराच्या मानाने कमी आहे, आणि मी ते मुलाखतीतच सांगतो.

सध्या आम्ही काकांना धरून नऊ जण आहोत. वाइंडिंग चालू आहे, जिनिंगची पॅनेल आहेत, सौरची सर्व्हिस आहे, दोन तूरडाळीच्या मिलचे काम हातात आहे. या हंगामाआधी दोन मुले किंवा मुली घ्यायच्या आहेत, एक डिग्री आणि एक डिप्लोमा नाहीतर आयटीआय वायरमन. मार्कशीट आणली तरी चालेल, पण घरातली एखादी बिघडलेली वस्तू स्वतः उघडली असेल तर तिच्याबद्दल बोलायची तयारी ठेवा. मोटारसायकल चालवता आली पाहिजे. दसऱ्याच्या आत भेटा. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाले की आम्ही दुकानात सापडत नाही.