तारेतला ईएफ-हँड: कॅल्मोड्युलिनचा पहिला हात उभा, बिजागरी अजून ढिली

कॅल्मोड्युलिन हे पेशीतलं कॅल्शियम पकडणारं प्रथिन. त्याचा प्रत्येक ‘हात’ म्हणजे एक ईएफ-हँड: हेलिक्स (मळसूत्री भाग), कॅल्शियम धरणारा लूप, मग पुन्हा हेलिक्स. त्याचंच हे तारेचं मॉडेल. मोजपट्टी १ अँगस्ट्रॉमला (मीटरचा एक हजार कोटीवा भाग) ५ मिमी. आकार १सीएलएल या पीडीबी (प्रथिनांच्या रचनांचा संग्रह) फाइलवरून घेतला: मानवी कॅल्मोड्युलिन, १.७ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने टिपलेलं, कॅल्शियम बसलेलं. चारपैकी पहिलाच हात केला आहे, अवशेष (साखळीतली अमिनो आम्लं) ६ ते ३८.

मऊ अ‍ॅल्युमिनियमची ३ मिमी तार ८०० मिमी घ्यावी. वायरिंगचा २० मिमी पाइप हाच साचा. तारेच्या मध्यरेषेचा व्यास २३ मिमी येतो आणि अल्फा हेलिक्सला नेमका तेवढाच लागतो. एका वेढ्याची चढण २७ मिमी. गुंडाळण्याआधीच मार्करने प्रत्येक अवशेषाची खूण करावी: हेलिक्समध्ये दर २१.४ मिमीला, लूपमध्ये १९ला. वेढे बोल्टच्या आट्यांसारखे चढले पाहिजेत. उलटे गेले तर तार सरळ करून पुन्हा गुंडाळायची. ओढून-पिळून दिशा बदलत नाही.

खरी कसरत २० ते ३१ या बारा अवशेषांच्या लूपमध्ये आहे. सहावी जागा (२५) ग्लायसिनची. तिथे साखळी इतकी झटकन वळते की दुसरं अमिनो आम्ल सहसा चालत नाही. वळण गोलसर ठेवलं की १, ३, ५ या जागांचे अ‍ॅस्पार्टेट कॅल्शियमकडे तोंडच करत नाहीत.

कॅल्शियमसाठी १० मिमीचा मणी, केंद्रापासून १२ मिमीवर त्याला धरणाऱ्या ऑक्सिजनचे सात लाल मणी. (लाल मणी ६ मिमीचे, मापात नाहीत, खऱ्या मापाचे घेतले तर आतलं काही दिसत नाही.) पाच एका पातळीत, ७२ अंशांवर: तिसरी, पाचवी, सातवी जागा आणि बाराव्या ग्लुटामेटचे दोन. वर-खाली पहिली जागा आणि नवव्या जागेकडचा पाण्याचा रेणू. सातव्या जागेचा ऑक्सिजन बाजूसाखळीचा (अमिनो आम्लाच्या फांदीचा) नाही, मुख्य साखळीच्या कण्याचा आहे. नवख्यांचं इथेच चुकतं.

बाराव्या जागेला दोन ऑक्सिजन का? ग्लुटामेट दोन्ही ऑक्सिजन देतं तेव्हाच पुढचं हेलिक्स ओढलं जातं. मॅग्नेशियम सहा ऑक्सिजनवर भागवतं, म्हणून ते बसलं तरी हात उघडत नाही. मॉडेलमध्ये ही ओढ दिसलीच पाहिजे, नाहीतर ती नुसती शोभेची तार.

त्यासाठी बिजागरी केली: आठव्या जागेनंतर (आयसोल्युसिन २७) तार कापली आणि ठिबकच्या बारीक नळीचा २५ मिमी तुकडा दोन्ही टोकांवर चढवला, मध्ये ५ मिमी फट ठेवून. आपल्याकडे ही नळी कुठल्याही केळीच्या बागेच्या बांधावर पडलेली मिळते. भोक ४ मिमीचं असल्यामुळे तार आत खेळते. टोकांना इन्सुलेशन टेपचे दोन वेढे दिले तर थोडी बसते, पुरती नाही. नळी पॉलिथिनची, तिला डिंक धरत नाही, तो नाद सोडावा. कॅल्शियम नसताना दोन्ही हेलिक्स जवळजवळ उलट-समांतर, कॅल्शियम बसल्यावर साधारण ९० अंश.

मणी ग्लू गनने चिकटवू नयेत. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पत्र्याखाली तो डिंक मऊ पडतो आणि मणी हळूहळू घसरतात. एम-सील लावावं, तारेला आधी सँडपेपर मारून.

आता दुसरा हात, लूप ५६ ते ६७. तिथली आठवी जागा आयसोल्युसिन ६३; ती २७ला समोरासमोर बांधायची आहे, कारण ईएफ-हँड सहसा जोडीने काम करतात. त्याआधी बिजागरी घट्ट व्हायला हवी. ३ मिमी आतल्या व्यासाची नळी कुणाकडे असेल तर कळवा.