मलप्रभेच्या काठाने: धरणाखालच्या पट्ट्यात चालू नका

"धरणाखालून नदीकाठाने चालत जा, सावली आहे, पाणी आहे," असं आम्हाला कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्तीत सांगितलं. साफ खोटं. नविलतीर्थला मलप्रभा डोंगराच्या खिंडीतून बाहेर पडते, तिथेच 1970च्या दशकात धरण बांधलं. उन्हाळ्यात पाणी अडतं ते रेणुकासागरात, म्हणजे धरणाच्या जलाशयात. तिथून ते कालव्यांना जातं, हुबळी-धारवाडला प्यायला जातं. खालच्या पात्रात आम्हाला दिसले ते दगड, वाळू आणि मधूनमधून हिरवट डबकी. काठावर वेडी बाभूळ. काळ्या रानाला पाऊल मुरगळेल एवढ्या भेगा. अकरानंतर उभं राहायला झाड नाही. माणशी तीन लिटर पाणी नेलं होतं, ते अर्ध्या वाटेतच संपलं. एप्रिल-मेमध्ये हा पट्टा करूच नका. पावसाळ्यात तर अजिबात नको, काळी माती बुटाला धरून बसते आणि धरणातून पाणी कधी सोडतील याचा नेम नाही. ऑगस्ट 2019मध्ये याच नदीने पार पट्टदकलपर्यंत गावं बुडवली होती.

परतताना रिक्षावाल्याने सौंदत्तीपर्यंतचे सहाशे मागितले, आणि दमलेल्या माणसाला घासाघीस जमत नाही. भाडं आधी ठरवा, तेही जाऊन-येऊन. यल्लम्माच्या डोंगरावर बस जाते, तिथे रिक्षा करायची गरजच नाही. पौर्णिमेला मात्र सौंदत्तीकडे फिरकू नका, आपल्याकडच्या भाविकांच्या गाड्यांनी रस्ता तुंबतो.

वरचा भाग सोपा. खानापूर, जांबोटी, कणकुंबी हा रस्ता दुचाकीला उत्तम, हब्बनहट्टीचा मारुती आणि असोग्याचं रामलिंगेश्वर नदीला लागूनच आहेत. सगळीकडे मराठी चालते. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी नदीचा उगम. तिथून जवळच कळसा नाल्याचं खोदकाम आहे, ते जरूर बघा. गोव्याकडे वाहणाऱ्या म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायचा कर्नाटक-गोवा वाद आहे तो हाच. 2018च्या निवाड्यात म्हादई पाणीवाटप लवादाने कळसा आणि बंडुरी या दोन नाल्यांचं मिळून 3.9 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वळवायला मान्यता दिली. कणकुंबीच्या धो-धो पावसात उभं राहून हा वाद कळत नाही. तो कळतो नविलतीर्थच्या खाली, कोरड्या पात्रात. घाटमाथ्याच्या आडोशाला पाऊस किती झपाट्याने आटतो, हे त्या उन्हात अंगाला कळलं.

म्हणून धरण बघायचंच असेल तर डिसेंबरमध्ये जा, सकाळी सातला, वरूनच बघा आणि दहाच्या आत परत फिरा. पुढे पट्टदकल, ऐहोळे करायचं असेल तर बस किंवा गाडीनेच, पायी नाही.