वाढत्या अंगाच्या कुबड्या

माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम होणारी अवस्था, आहे. तिच्या दोन्ही पायांचे स्नायू ताठर असल्यामुळे बरीच वर्षे ती वॉकरवर चालत असे आणि सहाव्या वर्षी एल्बो क्रचेसवर, म्हणजे कोपराच्या खाली हाताला कडे बसते त्या कुबड्यांवर, चालू लागली. पहिली जोडी घेताना मी शाळेचा गणवेश घेताना करते तेच केले. मूल वाढत्या अंगाचे आहे, म्हणून एक माप मोठे घेतले. दोन महिन्यांत ती खांदे कानांपर्यंत उचलून चालू लागली आणि रोज संध्याकाळी मान दुखते म्हणून सांगू लागली. आमच्या फिजिओथेरपिस्टबाईंनी तिला उभे करून पाहिले, तेव्हा उंची कमी-जास्त करण्याच्या छिद्रांपैकी अगदी खालच्या छिद्रावर बसवूनही कुबडीची मूठ तिच्या मनगटाच्या दोन बोटे वर येत होती. एवढ्या उंच मुठीवर हाताचा भार खाली दाबताच येत नाही, त्यामुळे ते सारे काम खांदे आणि मान करत होती.

माप घेताना मूल रोज ज्या बुटांत आणि पायाला आधार देणाऱ्या ज्या स्प्लिंटमध्ये चालते, तेच घालून उभे असावे लागते, कारण तळव्याच्या जाडीनेही उंची बदलते. हात सैल सोडला की मनगटाची घडी जिथे येते, तिथे मूठ यावी; मूठ धरल्यावर कोपर 15 ते 30 अंशांत वाकलेले असावे. गुडघे वाकवून चालणाऱ्या मुलाला ओढूनताणून सरळ उभे करून माप घेऊ नये. ते प्रत्यक्षात जसे उभे राहते, तसेच घ्यावे. मूठ फार खाली असली तर मूल पुढे झुकते, आणि ज्याचे गुडघे आधीच वाकतात त्याची ती सवय अधिकच पक्की होते.

मुठीइतकेच महत्त्व कड्याला आहे, आणि दुकानात त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. कडे कोपराच्या हाडाच्या साधारण अडीच ते चार सेंटिमीटर खाली असावे. ते वर गेले तर कोपर वाकवताना हाडाला टोचते, आणि खाली राहिले तर हाताला पुरेसा आधार मिळत नाही. स्वस्त कुबड्यांमध्ये फक्त खालची नळी कमी-जास्त करता येते. मुठीपासून कड्यापर्यंतचे अंतर कायमचे ठरलेले असते. मुलांची उंची वाढते तसा कोपरापासून मनगटापर्यंतचा हातही वाढतो, म्हणून वर आणि खाली दोन्हीकडे छिद्रे असलेलीच जोडी घ्यावी, असे मी प्रत्येक पालकाला आग्रहाने सांगते. आजचे माप खालून दुसऱ्या-तिसऱ्या छिद्रावर नीट बसत असेल, तर पुढच्या वाढीला जागा आपोआप उरते.

कड्याचा प्रकार मुलाच्या दिवसभराच्या वापरावरून ठरवावा. हाताला वेढणारे कडे असले की फळ्यावर लिहिताना किंवा पाण्याची बाटली उघडताना मूठ सोडली तरी कुबडी हातालाच लटकून राहते. पुढून उघडे कडे असले की तोल जाताना हात पटकन मोकळा होतो. माझ्या मुलीला शाळेत पहिला प्रकार सोयीचा वाटला. मूठ किती जाड आहे, हेही पाहावे. लहान बोटांना ती पूर्ण कवेत घेता आली पाहिजे.

आता ती तेरा वर्षांची आहे. या वयात हाडे झपाट्याने वाढतात आणि ताठर स्नायू मागे पडतात, त्यामुळे चाल काही महिन्यांतच बदलू शकते. आम्ही दर तीन महिन्यांनी माप तपासतो. वजनही वाढते, लहान मुलांच्या कुबडीवर लिहिलेली भारमर्यादा ओलांडलेली बऱ्याच घरांत लक्षातच येत नाही. रंग मात्र तिने स्वतः निवडला, आणि तो निर्णय पूर्णपणे तिचाच असावा असे मला मनापासून वाटते.

पावसाळ्याआधी कुबड्यांच्या टोकांचे रबरी बूट उलटे करून पाहावेत. खाचा झिजल्या असतील किंवा एका बाजूने रबर घासले असेल तर ते लगेच बदलावेत, कारण ओल्या फरशीवर गुळगुळीत रबर सटकते. माप बदलल्यावर प्रत्येक छिद्रातून नळी अडकवणारे बटण पूर्ण बाहेर आले आहे ना, हे बोटाने दाबून पाहावे.

दिव्यांगांना सहायक साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून कुबड्या घेणाऱ्यांनी एक नियम ध्यानात ठेवावा. बारा वर्षांखालील मुलाला त्याच कामासाठी एका वर्षाने पुन्हा साधन मागता येते. त्यापुढे मात्र तीन वर्षे थांबावे लागते, आणि उंची तर नेमकी त्याच वर्षांत वाढते. म्हणून बारा वर्षांपुढच्या मुलाला योजनेच्या शिबिरात नेल्यावर, दोन्हीकडे छिद्रे असलेली जोडी मिळेल का, हे मोजणी करणाऱ्याला तिथेच विचारावे आणि मूल ती धरून चार पावले चालल्याशिवाय सही करू नये.